पोटातल्या बाळाला काटा कुठं लावणार?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी करवीर तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. माझी थोरली मुलगी पुण्यात नोकरीला असते. पहिलं बाळंतपण, म्हणून डोहाळजेवण उरकून आता माहेरी आलीय. निघायच्या आधी पुण्यात सोनोग्राफी केली, तेव्हा ३२ आठवडे झाले होते. बाळाचं वजन १६०० ग्रॅम, ८ पर्सेंटाईल, ‘वाढ कमी, लक्ष ठेवावे’ असं लिहून आलं. आम्ही सगळेच घाबरलो. इथं आल्यावर पुढच्याच आठवड्यात कोल्हापुरात दुसरीकडं दाखवलं. तिथं १७६० ग्रॅम, २२ पर्सेंटाईल, ‘वाढ योग्य’. रक्तप्रवाहाची तपासणी पण नॉर्मल. आता जावई म्हणतात पुण्याचं मशीन भारी, तेच खरं. विहीणबाई फोनवर म्हणतात, पोरीला माहेरी तरी धड खाऊ घाला. आमच्या अंगणवाडीत सगळ्या पोरांना एकच तक्ता असतो. महिन्याला काट्यावर बसवायचं, ठिपका मांडायचा, हिरव्यात आहे का पिवळ्यात ते बघायचं. मग पोटातल्या बाळाला दोन-दोन तक्ते कसे? आठवड्यात आठाचे बावीस होतात का? मुलीची उंची १५० सेंटिमीटर आहे, दिवस राहण्याआधी वजन ४६ किलो होतं. ती स्वतः जन्मली तेव्हा सव्वादोन किलोची होती. दोन्ही रिपोर्टच्या झेरॉक्स सोबत पाठवल्यात.
— एक अंगणवाडी सेविका, ता. करवीर

उत्तर : ताई, आधी तुमचा शेवटचा प्रश्न घेते, कारण घरातली झोप त्याच्यावरच अडलेली दिसते. आठवड्यात आठाचे बावीस होत नाहीत. (पर्सेंटाईल म्हणजे त्याच वयाच्या शंभर बाळांत वजनानं खालून कितवं, ते पुढं नीट सांगतेच.) तुमच्या नातवंडानं, म्हणजे नातू असो की नात, अशी काही उडी मारलेली नाही.

दोन्ही रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ आहे. पुण्याच्या कागदावर तक्ता ‘हॅडलॉक’चा आहे, कोल्हापूरच्या कागदावर ‘इंटरग्रोथ’चा. वजन काढायचं सूत्र दोन्हीकडं हॅडलॉकचंच वापरलंय, ते मी तपासलं. (हॅडलॉक यांचं सूत्र वेगळं आणि तक्ता वेगळा, दोन्हींबद्दल पुढं येतंच.) मग मी एवढंच केलं, की कोल्हापूरचे १७६० ग्रॅम घेऊन ते ३३ आठवड्यांवर पुण्याच्या तक्त्यात मांडले. उत्तर आलं सातच्या आसपास. म्हणजे पुण्यात आठ, आणि त्याच तक्त्यावर आठवड्यानंतर सात. इतका फरक मोजणाऱ्याच्या हातानंही पडतो. बाळ होतं तिथंच, आपल्या रेषेवर आहे. बदलला तो खालचा कागद. त्यामुळं जावयांचं ‘पुण्याचं मशीन भारी’ हे कारण बाजूला ठेवा. या फरकाचा मशीनच्या किमतीशी संबंध नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न, की दोन तक्ते असतातच कसे. तो इतका रास्त आहे की त्याला जरा सविस्तर उत्तर द्यावं लागेल. रोज तक्ता भरणाऱ्या माणसाला ते समजायला अवघडही जाणार नाही.

तुमच्या अंगणवाडीतला तक्ता २००६ साली जागतिक आरोग्य संघटनेनं काढलेल्या मानकांवर बेतलेला आहे. त्यासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतली साधारण साडेआठ हजार मुलं मोजली होती. भारतातली मुलं दिल्लीची. आई सिगारेट ओढत नाही, बाळ अंगावर पितंय, घरची परिस्थिती बरी, अशीच मुलं निवडली. म्हणजे ‘सगळं नीट मिळालं तर मूल कसं वाढतं’ हे त्यांनी पाहिलं. ते काम सोपं नव्हतंच. पण त्यांच्या हातात दोन गोष्टी पक्क्या होत्या. मूल काट्यावर ठेवता येत होतं, आणि त्याची जन्मतारीख माहीत होती. पोटातल्या बाळाच्या बाबतीत नेमक्या याच दोन गोष्टी नाहीत.

वजनाचं बघा. सोनोग्राफीच्या मशीनमध्ये काटा नसतो. आम्ही बाळाच्या डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजतो. हे आकडे एका सूत्रात जातात आणि ग्रॅम बाहेर पडतात. आपल्याकडच्या बहुतेक मशीनमध्ये असतं ते सूत्र अमेरिकेतल्या डॉ. फ्रँक हॅडलॉक यांच्या गटानं १९८०च्या दशकात मांडलं. शेतात उभ्या उसाचं टनेज सांगणारा जाणता माणूस पेरं, जाडी, फुटवे बघून आकडा सांगतो आणि बहुतेक वेळा जवळपास येतो, पण कारखान्याच्या काट्यावरची पावती ती पावतीच. तसंच हे. या अंदाजात दहा-पंधरा टक्के इकडंतिकडं होणं सर्वमान्य आहे. म्हणजे १६०० ग्रॅम लिहिलेलं बाळ खरं तर १४००चं असू शकतं किंवा १८००चंही. सगळ्यात नाजूक माप पोटाच्या घेराचं. बाळ वळलेलं असेल, बाळाभोवतीचं पाणी कमी असेल, आईच्या पोटाची भिंत जाड असेल, किंवा मोजणाऱ्यानं पोटाचं आडवं चित्र किंचित तिरपं घेतलं, तर पाच-सात मिलिमीटर सहज हलतात, आणि वजनाच्या सूत्रात पोटाचा वाटा मोठा आहे.

आणि वयाचं तर विचारूच नका. तक्त्याला आडवी एक रेषा असते आठवड्यांची. ती चुकली तर ठिपका बरोबर मापाचा असूनही चुकीच्या जागी बसतो. ३२ आठवड्यांच्या आसपास बाळ आठवड्याला पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम वाढतं, म्हणजे तारखेत आठवड्याचा घोळ असेल तर धडधाकट बाळही ‘वाढ कमी’ ठरतं. पाळीची तारीख अनेकींना नक्की आठवत नाही, काहींची पाळीच मागं-पुढं होते. म्हणून अकरा ते तेरा आठवड्यांतली पहिली सोनोग्राफी महत्त्वाची. त्यात डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून वय ठरवतात. ही पद्धत ग्लासगोच्या ह्यू रॉबिन्सन यांनी १९७०च्या दशकात बसवली, ती आजही चालते आणि चार-पाच दिवसांच्या फरकानं वय सांगते. त्यात एक मजेशीर गोम आहे. तिथं आपण आकारावरून वय ठरवतो आणि पुढं वयावरून आकार बरोबर आहे का ते बघतो! एखादं बाळ अगदी सुरुवातीपासूनच हळू वाढत असेल, तर ते ‘लहान’ न ठरता ‘वयानं कमी’ ठरतं. तक्ते बनवणाऱ्यांनी यावर उपाय काढला तो असा, की पाळीची तारीख पक्की आठवणाऱ्या, पाळी नियमित असणाऱ्या आणि पहिल्या सोनोग्राफीशी तारीख जुळणाऱ्याच बायका अभ्यासात घ्यायच्या. सूत्र कुणाच्या बाळांवरून काढलं, हाही प्रश्न उरतोच. गुरुग्रामच्या शासकीय रुग्णालयात २०१५ पासून ‘गर्भिणी’ नावाचा मोठा अभ्यास चालू आहे. त्यातून भारतीय बाळांसाठी वय काढायची वेगळी सूत्रं आली, आधी पहिल्या तिमाहीसाठी आणि २०२४ मध्ये पुढच्या महिन्यांसाठीही. ती अजून गल्लोगल्लीच्या मशीनमध्ये पोचलेली नाहीत.

मुलीच्या फाईलमध्ये तिसऱ्या महिन्यातला रिपोर्ट असेलच. तो काढून ‘३२ आठवडे’ हे त्या रिपोर्टवरून धरलेत की पाळीवरून, एवढं डॉक्टरांकडून तपासून घ्या. माझ्या मते तुमच्या घरात सध्या सगळ्यात मोलाचा कागद तोच आहे.

पूर्वी सोनोग्राफी नव्हती तेव्हा वेगळीच युक्ती होती. जन्मलेली बाळं वजन करायची, कोण कितव्या आठवड्यात जन्मलं ते लिहायचं आणि त्यावरून रेषा काढायची. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात डॉ. लुला लुब्चेन्को यांनी १९६३ साली असा तक्ता प्रसिद्ध केला आणि तो जगभर वापरला गेला. आता डेन्व्हर आहे समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटर उंचीवर. इतक्या उंचीवर हवेत प्राणवायू विरळ असतो आणि बाळं मुळातच थोडी हलकी जन्मतात. (आपलं कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास, आपल्याला ती सबब चालायची नाही.) पण त्याहून मोठी अडचण अशी, की ३२व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ हे ३२ आठवड्यांच्या सुदृढ बाळांचं प्रतिनिधी नसतं. ते लवकर बाहेर आलं, म्हणजे बहुतेक वेळा काहीतरी बिनसलं होतं. आईचं बीपी वाढलं असेल, बाळाला पोसणारी वार नीट काम करत नसेल. अशा बाळांवरून काढलेली रेषा खालीच येते. त्या रेषेवर मोजलं तर पोटात खरोखर उपाशी राहणारं बाळसुद्धा ‘ठीक’ दिसतं. म्हणून पोटातल्या बाळाचा तक्ता पोटातल्याच बाळांवरून काढायला हवा, हे हळूहळू सगळ्यांनी मान्य केलं.

मग प्रश्न आला, कुणाच्या पोटातल्या?

पुण्याच्या रिपोर्टवरचा हॅडलॉकचा वजनाचा तक्ता १९९१चा आहे. तो ३९२ बायकांवरून काढलेला आहे. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातल्या, बहुतांशी गोऱ्या आणि मध्यमवर्गीय. प्रत्येकीचं मोजमाप एकदाच घेतलं. एकच बाळ आठवड्यामागून आठवडे कसं वाढतं ते त्यात पाहिलेलं नाही, वेगवेगळ्या बाळांचे ठिपके जोडून रेषा केलीय. तरीही तो तक्ता वाईट नाही. लहान बाळं हुडकण्यात तो आजही चांगला उतरतो. पण त्यावर कोल्हापूरची, सोलापूरची, बेळगावची बाळं मांडली, तर आपल्याकडची बरीच बाळं खालच्या अंगाला जाणार हे उघड आहे.

कोल्हापूरच्या रिपोर्टवरचा इंटरग्रोथ हा २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातला. आठ देशांतली आठ ठिकाणं होती, त्यात आपलं नागपूरही होतं. त्यांनी तुमच्या अंगणवाडीच्या तक्त्याचाच विचार पोटातल्या बाळाला लावला. निरोगी, खाऊनपिऊन बरी, शिकलेली, प्रदूषण कमी असलेल्या वस्तीतली आई निवडायची आणि चौदाव्या आठवड्यापासून दर पाच आठवड्यांनी त्याच बाळाला मोजत जायचं. सगळीकडं एकाच प्रकारचं मशीन, प्रत्येक माप तीनदा, आणि मोजणाऱ्याला आकडा दिसू द्यायचा नाही म्हणजे हात ‘अपेक्षित’ आकड्याकडं ओढला जात नाही. अशा ४३२१ बायकांची मापं त्यात आहेत. निष्कर्ष असा काढला, की आयांची परिस्थिती चांगली असेल तर नागपूर काय आणि ऑक्सफर्ड काय, बाळं जवळपास सारखीच वाढतात, म्हणून जगाला एक तक्ता पुरे.

ऐकायला छान वाटतं. पण दुसऱ्या वर्षी, २०१५ मध्ये, अमेरिकेतल्याच एका सरकारी संशोधन संस्थेनं गोऱ्या, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि आशियाई आयांची बाळं वेगवेगळी मोजली आणि त्यांच्या रेषा वेगळ्या आल्या. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं दहा देशांतल्या १३८७ बायकांवरून आपला स्वतंत्र तक्ता काढला. भारत त्यातही होता, आणि त्यांनाही देशादेशांत फरक दिसला. आईचं वय, उंची, वजन, कितवं बाळंतपण, सगळ्याचा थोडाथोडा परिणाम होतो असं त्यांनी नोंदवलं. ब्रिटनमधले डॉ. जेसन गार्डोसी तर १९९२ पासून म्हणत आलेत, की प्रत्येक आईसाठी तिच्या उंची-वजनाप्रमाणं वेगळी रेषा काढा. एवढे शहाणे लोक, एवढा पैसा, आणि तरी एकमत नाही. म्हणून ताई, तुमच्या मुलीच्या हातात दोन आकडे आले. यात दोघांपैकी कुणा डॉक्टरचं चुकलंय असं मला दिसत नाही.

आता तुमच्या मुलीच्या उंचीकडं येते. इंटरग्रोथच्या अभ्यासात यायला आईची उंची निदान १५३ सेंटिमीटर लागत होती. तुमची मुलगी १५०. म्हणजे ‘निरोगी आई’चा जो तक्ता तिला लावलाय, त्या अभ्यासात तिला दारातूनच परत पाठवलं असतं! यात तिचा काही दोष नाही, अभ्यास करणाऱ्यांचाही नाही. लहानपणीच्या कुपोषणानं उंची खुंटलेल्या बायका त्यांना टाळायच्या होत्या, म्हणून कुठंतरी रेघ ओढावी लागली. पण आपल्या भागात १५० सेंटिमीटरच्या ठणठणीत बायका किती आहेत हे तुम्हाला अंगणवाडीत बसून दिसतंच.

मग म्हणाल, भारतीय बायकांचा भारतीय तक्ता का नको? इथं मी थोडी सावध आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला, त्याचं काम अजून चालू आहे. त्यांना आढळलं, की तिथली बाळं सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण सगळे अवयव सारख्या प्रमाणात लहान नव्हते. पोटाचा घेर आणि स्नायू फार कमी, आणि कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून. पोट म्हणजे यकृतासारखे अवयव आले. हीच बाळं मोठेपणी मधुमेहाच्या वाटेला लवकर लागण्याची भीती. आता सांगा, अशा बाळांच्या सरासरीला ‘आपल्याकडचं नॉर्मल’ म्हणून रेषा ओढली, तर आपण पिढ्यान्‌पिढ्यांच्या उपासमारीलाच प्रमाण मानल्यासारखं होणार नाही का? तुम्ही स्वतः सांगताय, मुलगी जन्मली तेव्हा सव्वादोन किलोची होती. तिची उंची कमी राहिली ती आनुवंशिक म्हणून, की तिच्या पोटातल्या दिवसांत तुम्हाला उसाच्या भांगलणीतून सुट्टी नव्हती म्हणून? हे कुणालाच सांगता येणार नाही, बहुतेक दोन्ही असेल. तक्ता बनवणाऱ्यांची खरी पंचाईत इथं आहे. रेषा वर ठेवली तर लहान चणीच्या सुदृढ बाळांना आजारी ठरवून विनाकारण कळा सुरू करणं, सिझर, काचेची पेटी हे सगळं मागं लागतं. खाली ठेवली तर खरोखर मदत हवी असलेलं बाळ निसटतं. मी स्वतः जगाचा एकच तक्ता वापरण्याच्या बाजूची आहे, पण त्याच्यावरच्या एका ठिपक्यावरून निकाल देण्याच्या विरोधात.

आणि हो, तुमच्याकडं एकच तक्ता असतो असं तुम्ही लिहिलंय खरं, पण तुम्हीही निळा आणि गुलाबी असे दोन भरता. मुलगे जन्मतः सरासरी शंभरेक ग्रॅमनं जड असतात आणि हा फरक पोटातही असतो. परदेशात काही ठिकाणी मुलाचा वेगळा, मुलीचा वेगळा तक्ता लावतात. आपल्याकडं ते जमणार नाही आणि जमू नयेच. गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा कायदा १९९४चा आहे, आणि कोल्हापूर जिल्ह्यात मुलींचं प्रमाण इतकं घसरलं होतं, की तेव्हाचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात इथल्या सोनोग्राफी मशीनना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचं नोंद ठेवणारं यंत्र जोडलं गेलं. तेव्हा तक्त्यात थोडी ढिलाई राहिली तर राहू दे. ती किंमत फार नाही.

पर्सेंटाईलबद्दल घरात कुणाचा तरी गैरसमज झालेला दिसतोय, म्हणून सांगते. ८ पर्सेंटाईल म्हणजे बाळाची आठ टक्केच वाढ झाली असं नाही. त्याच वयाची शंभर बाळं वजनानुसार, सगळ्यात हलकं पुढं, अशी रांगेत उभी केली तर तुमचं आठव्या जागी. त्या रांगेत कुणीतरी आठवं असणारच. पहिल्या दहातली बरीच बाळं नुसती लहान चणीची असतात, आई-बापावर गेलेली. दहाच्या खाली आलं की डॉक्टर जास्त लक्ष देतात, हे बरोबरच आहे. पण आजार ठरवायला आणखी पुरावा लागतो. २०१६ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून जे निकष ठरवले त्यानुसार तीनच्या खाली असेल तर तेवढंच कारण पुरतं. तीन ते दहाच्या मध्ये असेल तर सोबत आणखी काही हवं, जसं की नाळेतल्या किंवा मेंदूतल्या रक्तप्रवाहात बिघाड, किंवा बाळ आधी वरच्या रेषेवर होतं आणि आता धाडकन खाली घसरलं. तुमच्या मुलीच्या रक्तप्रवाहाचा रिपोर्ट चांगला आहे, आणि एकाच तक्त्यावर मांडलं तर घसरणही दिसत नाही. चित्र बरं आहे. निश्चिंत व्हा असं मात्र म्हणणार नाही, कारण ही तपासणी त्या दिवसापुरतीच सांगते.

आता करायचं काय.

पुढची सोनोग्राफी कोल्हापूरच्या रिपोर्टनंतर दोन ते तीन आठवड्यांनी करा, त्याच्या आत वाढीसाठी नको. आठवड्यात बाळ जितकं वाढतं तितकी तर मोजण्यातलीच चूक असू शकते, मग त्यातून कळणार काय? जिथं बाळंतपण करायचं ठरलंय तिथल्याच डॉक्टरांच्या सल्ल्यानं, एकाच ठिकाणी, एकाच तक्त्यावर. पुण्याचा रिपोर्ट सोबत न्या आणि सरळ सांगा, ‘हा ठिपका पण तुमच्याच तक्त्यावर मांडून द्या.’ यात डॉक्टरांचा अपमान वगैरे काही नाही, मला कुणी असं म्हटलं तर बरंच वाटेल. ग्रॅम आणि पर्सेंटाईल यांच्याइतकंच पोटाच्या घेराचं माप, पाणी आणि नाळेचा रक्तप्रवाह यांच्याकडं बघायला सांगा. मधल्या काळात तुमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरनी टेपनं पोटाची उंची मोजून कार्डावर लिहिली तर उत्तम. त्या टेपची कुणी फार किंमत करत नाही, पण एकाच हातानं दर पंधरा दिवसांनी घेतलेली ती मापं पुष्कळ सांगून जातात.

बीपी मात्र दर आठवड्याला बघा. या टप्प्यावर बाळाची वाढ मंदावण्यामागं वाढतं बीपी हे मोठं कारण असतं. डोकं दुखणं, डोळ्यांपुढं अंधारी, पोटात वरच्या बाजूला दुखणं, चेहऱ्यावर-हातांवर अचानक सूज, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, यांतलं काहीही झालं तर वेळ न बघता दवाखाना गाठायचा. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तरी तेच. ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणायचं नाही आणि घरी गोड खाऊन वाट बघत बसायचं नाही.

हिमोग्लोबिन तपासून लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना ते बघा. आणखी एक अवघड प्रश्न विचारते. घरात कुणी मशेरी लावतं का, आणि मुलगीही कधीमधी लावते का? आपल्याकडं हे विचारलं की बायका खाली बघतात. मशेरी म्हणजे तंबाखूच, आणि तिनं बाळाचं वजन घटतं. लावत असेल तर आजपासून बंद. पुण्यात राहते म्हणून लावत नसेल असं धरून चालू नका.

विहीणबाईंना काय सांगायचं? सांगा, की खाणं नीट चालू आहे. भाकरी, डाळ, उसळ, अंडी, दूध, चालत असेल तर मटण, सगळं. जादा खायला घातलं तर बाळ भराभर वाढेल असं नाही. वारेतून रक्त किती जातंय यावर पुष्कळ अवलंबून असतं. बाळाचं वजन वाढवणारं खात्रीचं इंजेक्शन किंवा सलाईन आज उपलब्ध नाही. ‘ताकदीच्या’ बाटल्या लावून घ्यायला कुणी सुचवलं, तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. महागड्या पावडरचा डबा आणायची घाईही नको, त्या पैशात महिनाभराची अंडी येतात. आणि तिला दिवसभर अंथरुणावर आडवं पाडून ठेवू नका, त्यानं वजन वाढतं असं दिसलेलं नाही. थोडं चालू द्या, दुपारी झोपू द्या.

पुण्याला परत न्यायचं का, हा निर्णय जावई आणि मुलगी मिळून घेतील, पण तक्त्याचा आकडा हे त्याचं कारण असू नये. बघायचं असेल तर हे बघा : जिथं बाळंत होणार तिथं रात्री-बेरात्री सिझर होतं का, आणि बाळ दोन किलोच्या आतबाहेर जन्मलं तर नवजात अतिदक्षता कक्ष आहे का. सीपीआरचं सरकारी रुग्णालय असो की राजारामपुरीतलं खासगी हॉस्पिटल, हे दोन प्रश्न विचारून ठेवा. ‘होय’ अशी उत्तरं मिळाली तर इथं ठेवायला माझी काही हरकत नाही.

पुढच्या रिपोर्टची झेरॉक्स पाठवा. तिन्ही ठिपके एकाच कागदावर मांडून देते. तोवर डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नका.